करवतीचे चार घास

दि. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

जाड पाकीट पाहून घाबरू नकोस. माझी तब्येत चांगली आहे, सुतारकामाच्या कारखान्यातली नोकरी चालू आहे आणि दहाही बोटे जागच्या जागी आहेत. पाकिटात एक छापील कागद आहे, त्यावर तुझी सही हवी आहे. कशासाठी, हे सांगायला मला तीन दिवस धीर झाला नाही, म्हणून आता एका दमात लिहितो.

मी पुन्हा शाळेत जाऊ लागलो आहे. आठवीत.

हसून झाले असेल तर पुढे वाच. आराखडे काढायला शिकवणारी जी तंत्रशाळा आहे, तिथे चोविसाव्या वर्षापर्यंतच घेतात आणि आठवीच्या बीजगणिताचा दाखला मागतात. मला तेविसावे चालू आहे, प्रवेशाच्या वेळी चोविसावे लागलेले असेल. म्हणजे हेच वर्ष. इथल्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी सकाळचे पहिले दोन तास वर्गात बसायची परवानगी दिली. ते संपले, की मी पळत कारखाना गाठतो. आमचे मिस्त्री आल्या आल्या विचारतात, की काय रे, आज क्ष सापडला का. मी सापडला म्हणतो. मग ते विचारतात, की मग रोज रोज हरवतोस कशाला.

बाकात माझे गुडघे मावत नाहीत, म्हणून मी तिरपा बसतो. शेजारी दोन वेण्यांची एक तेरा वर्षांची मुलगी आहे. पहिल्या दिवशी तिने विचारले, की बाक दुरुस्त करायला आलात का. मला इतका संकोच वाटला, की मी हो म्हणालो आणि खरोखरच एक स्क्रू पिळला.

गणिताच्या बाईंना मुले काटकोन म्हणतात, कारण त्या कधी कशाला टेकत नाहीत. पहिला सगळा तास त्यांनी गणित न शिकवता हा अपेक्षांचा कागद वाचून दाखवला. अकरा कलमे आहेत. प्रत्येक पायरी वेगळ्या ओळीत लिहायची. नुसत्या बरोबर उत्तराला गुण नाहीत. सहावे कलम असे, की जे काही धरून चालाल ते आधी लिहा आणि का धरले ते सांगा. आठवे असे, की खोडरबर बंद. चूक एका आडव्या रेघेने खोडायची, म्हणजे खालचे दिसत राहते. सत्तरच्या खाली सलग दोन चाचण्या गेल्या, तर सोप्या तुकडीत रवानगी. सोप्या तुकडीला बीजगणिताचा दाखला मिळत नाही. हे ऐकताना माझ्या हातातली पेन्सिल घामाने निसटली.

शेवटी पालकाची सही. मी धीर करून म्हणालो, की मी आता सज्ञान आहे. बाई म्हणाल्या, की वयाने मोठा असतो तो पालक नव्हे. तुम्ही नापास झालात तर ज्याला जेवण जाणार नाही, त्याची सही आणा. मला दुसरे कोणी सुचले नाही.

नववे कलम तुला आवडणार नाही. तरी कृपा करून सही कर आणि कागदावर दुसरे काही लिहू नकोस.

लोभ आहेच, तपासून पाहावा, कमी भरल्यास कळवावे.
तुझा धाकटा

दि. ८ फेब्रुवारी

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी डेपोत उभ्या बसमध्ये वाचलं आणि इतक्या मोठ्यांदा हसले, की ड्रायव्हर इंजीन बंद करून मागे आला. बाक दुरुस्त करायला आलो म्हणे! अरे, मान वर करून सांगायचं, की हो, बाकही दुरुस्त करतो आणि बीजगणितही करतो, तुला काय अडचण आहे?

मग हसू थांबलं. तुझ्या शाळेच्या कागदावर मी याआधी एकदाच सही केली होती, सातवीनंतर तुझं नाव काढताना. बाबा अंथरुणाला खिळलेले, मी दिवसभर बसवर तिकिटं फाडत, घरी कोणी तरी हवं होतं. तेव्हा तू वर्गात दुसरा होतास. त्या कागदावर काय छापलंय, हे कोणी मला वाचून दाखवलं नव्हतं. म्हणून हा कागद मी तीनदा वाचला.

सही केली आहे. पण तुझं नववं कलम म्हणतं, की दिलेल्या गुणांबद्दल विद्यार्थी किंवा पालक वाद घालणार नाहीत. ते मी एका आडव्या रेघेने खोडलं आहे, खालचं दिसेल असं, आठव्या कलमाप्रमाणे. शेजारी कारणही दिलंय, सहाव्या कलमाप्रमाणे: बाईंची चूक होऊ शकते असं मी धरलं आहे, कारण त्याही माणूसच आहेत.

आता तुझा चेहरा कसा झालाय ते मला इथून दिसतंय. तू नवा कागद मागायला जाशील, तर याद राख. हाच नेऊन दे.

लोभ कमी भरला तर कळव म्हणतोस? इथं गाडी भरून उतू चाललाय.
तुझी ताई

दि. १४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कागद नेऊन दिला. बाईंनी तुझी रेघ पाहिली, शेजारचे कारण दोनदा वाचले, कागद फाइलला लावला आणि त्या फळ्याकडे वळल्या. त्यामुळे मला आठवडाभर त्या आता बोलतील, मग बोलतील असे वाटत राहिले.

बातमी चांगली नाही. पहिल्या चाचणीत मला सहासष्ट मिळाले होते. ते तुला कळवले नाही, कारण दुसऱ्या चाचणीत भरून काढू असे वाटले. काल दुसरीचे पेपर मिळाले. अठ्ठावन्न.

एका पंधरा गुणांच्या प्रश्नाला मला शून्य आहे. प्रश्न फळीचा होता. पाहिल्यावर मला आनंदच झाला होता. २४० सेंटिमीटरची फळी कापून चार तुकडे केले. प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा ८ सेंटिमीटरने मोठा आहे. तर तुकड्यांच्या लांब्या काढा. सगळ्यात लहान तुकडा क्ष धरला, की बाकीच्यांच्या वाढी ८, १६ आणि २४ मिळून ४८ होतात. वर्गातल्या एकोणतीस मुलांनी चार क्ष अधिक ४८ बरोबर २४० असे मांडले आणि क्ष ४८ काढला.

मी तसे कसे मांडणार? करवत लाकूड खाते. आमची करवत एका कापाला तीन मिलिमीटर खाते, त्याला आम्ही घास म्हणतो. तो भुसा होऊन जमिनीवर पडतो, फळीत राहत नाही. कारखान्यात पहिल्या आठवड्यात मिस्त्रींनी मला एकच गोष्ट शिकवली, की जितके तुकडे तितके घास. म्हणून मी आधी लिहिले, की करवतीचा घास ०.३ धरला, कारण करवत लाकूड खाते. चार घासांचे १.२ मिळवले आणि क्ष ४७.७ काढला. पडताळाही लिहिला. बाईंनी हिरव्या शाईने शेरा दिला आहे, की प्रश्नात करवत नाही.

करवतीशिवाय फळी कापतात कशाने? मिस्त्रींना सांगितले तर म्हणाले, की शाळेची करवत उपाशी असते वाटते.

पण एकोणतीस मुले एकीकडे आणि मी एकटा दुसरीकडे. मी पेपर दप्तरात ठेवला आणि कारखाना गाठला. सलग दोन चाचण्या सत्तरखाली गेल्या आहेत. पुनर्तपासणीला आठ दिवस असतात, ते संपले की सोपी तुकडी. मला वाटते, आपण इथेच थांबावे. प्रयत्न केला, एवढे तरी झाले.

तुझ्या लोभाला मी पुरा पडलो नाही, याची जाणीव असलेला,
तुझा धाकटा

दि. १७ मार्च

चि. टाचणीस,
आशीर्वाद नंतर. आधी कान पकड.

तू बरोबर आहेस असं तुला वाटतं ना? मग पेपर दप्तरात काय करतोय? मी एवढा कागद खोडला तो काय शोभेला?

परवा माझ्या बसमध्ये एका गृहस्थांनी अलीकडच्या गावापर्यंतचं तिकीट काढलं, त्याच्या पुढच्या थांब्यावर उतरायला उठले आणि म्हणाले, की हेच ते गाव, सगळे तसंच म्हणतात. सगळी बस त्यांच्या बाजूने. मी खाली उतरून पाटी वाचून दाखवली. गृहस्थांनी वरचे पैसे मोजले. सगळे म्हणतात म्हणून गाव जागचं हलत नाही.

ऐक. बाईंच्या सहाव्या कलमात काय आहे? धराल ते लिहा आणि कारण द्या. तू धरलंस, लिहिलंस, कारण दिलंस. मग शून्य कुठल्या कलमाखाली दिलं, ते त्यांना विचार. आवाज चढवू नकोस, तुला जमणारही नाही. लिहून ने. लिहिण्यात तुझा हात कोणी धरणार नाही.

आठ दिवसांतले चार टपालात गेले. उद्याच जा.

वाद जिंकेपर्यंत लोभ गहाण ठेवलेली,
तुझी ताई

दि. २३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गेलो. दीड पान लिहून नेले होते. बाईंनी ते उभ्यानेच वाचले. मग फाइल काढून तुझी खोडलेली ओळ पुन्हा पाहिली आणि म्हणाल्या, की तुमच्या पालकांनी वादाचा हक्क राखून ठेवलेला आहे, तेव्हा वाद ऐकणे मला भाग आहे. पण बीजगणितात तोंडी पुरावा चालत नाही. शुक्रवारी फळी घेऊन या.

मिस्त्रींनी दोन फळ्या दिल्या. गुरुवारी मी त्या नीट साफ करून, टोके गुण्यात, म्हणजे काटकोनात, कापून, बरोबर २४० च्या करून ठेवल्या. शाळेत वेडीवाकडी फळी कशी न्यायची?

शुक्रवारी व्हरांड्यात सगळा वर्ग गोळा झाला. मुलांनी दोन्ही फळ्या मोजल्या. पहिली फळी मी पुस्तकाप्रमाणे कापली: ४८, ५६, ६४. उरलेला तुकडा ७२ चा यायला हवा होता. दोन वेण्यावालीने टेप लावला आणि ओरडली, की एकाहत्तर पूर्णांक एक! नऊ मिलिमीटर भुशात गेले होते. एका मुलाने भुसा मुठीत भरून बाईंना दाखवला. ताई, मी तेवीस वर्षांत एवढा ताठ कधी उभा राहिलो नसेन.

बाई म्हणाल्या, की आता तुमच्या उत्तराप्रमाणे कापा. कापली: ४७.७, ५५.७, ६३.७. शेवटचा ७१.७ यायला हवा. टेप लावला. ७२.

तीन मिलिमीटर जास्त. मी पुन्हा मोजले. पुन्हा ७२. माझे कान तापले. बाईंनी एवढेच विचारले, की करवत किती वेळा चालली. मुलांनी एका सुरात सांगितले, तीन वेळा. चार तुकडे, पण काप तीनच.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कारखान्यात फळी येते तिचे टोक नेहमी वाकडे असते. ते आम्ही आधी सरळ कापून घेतो, तो पहिला घास. मग तुकड्यांचे तीन. म्हणून जितके तुकडे तितके घास. पण या फळीचा पहिला घास मी गुरुवारीच, माझ्याच हाताने, नीटनेटकेपणाच्या हौसेने घेऊन टाकला होता, आणि त्यानंतर ती २४० मोजली होती. मिस्त्रींचे वाक्य चार वर्षे म्हणतो आहे, पण चौथा घास कुठून येतो हे स्वतःला कधी विचारले नव्हते. सगळ्यांसमोर हे सांगावे लागले. सांगितले. दोन वेण्यावालीने तिथल्या तिथे खडूने फरशीवर मांडले आणि ४७.७७५ काढले. मिस्त्री संध्याकाळी म्हणाले, की एवढे बारीक पाहायला करवतीला चष्मा लागेल.

आता गुण. बाईंनी शून्य एका आडव्या रेघेने खोडले, खालचे दिसेल असे, आणि अकरा दिले. चार कापले, कारण घास का धरला ते मी लिहिले होते, पण चारच का, ते लिहिले नव्हते. सहावे कलम.

अठ्ठावन्न अधिक अकरा म्हणजे एकोणसत्तर. तू मोजायच्या आधी मीच सांगतो.

एका गुणाने अधांतरी लोंबकळणारा,
तुझा धाकटा

दि. २ एप्रिल

ती. ताईस,
नमस्कार.

आज मुख्याध्यापकांनी मला खोलीत बोलावून चहा दिला. म्हणाले, की एकोणसत्तर काय नि सत्तर काय, कष्टाळू माणूस आहात, एक गुण वाढवायला सांगतो, प्रश्न मिटला. मी विचारले, की हे आजच कसे सुचले. त्यांनी टेबलावरचे पत्र दाखवले. अक्षर ओळखायला मला वेळ लागला नाही. चार पाने, ताई. बाबांचे आजारपण, माझे सुटलेले शिक्षण, घरातले सगळे त्यात लिहिले आहेस. तो खोडलेला कागद निदान माझ्या हातून तरी गेला होता.

मी नको म्हणालो. चहाचा कप खाली ठेवला आणि पुन्हा म्हणालो. बाईंच्या मापाने मी एकोणसत्तर भरलो आहे. वरचा एक तुम्ही लावलात, तर ते पट्टीला ठिगळ होईल. मला अकराव्या कलमाप्रमाणे फेरपरीक्षा द्या. एकदाच मिळते, पेपर जास्त कठीण असतो आणि जे गुण पडतील ते अखेरचे, हे मला माहीत आहे. मुख्याध्यापक म्हणाले, की विचार करा, सत्तरखाली पडलात तर नंतर मीही काही करू शकणार नाही. बाई दाराशी उभ्या होत्या, चौकटीला न टेकता. त्या फक्त म्हणाल्या, की शनिवारी, सकाळी आठला.

सातवीत तू माझ्या वतीने सही केलीस, त्याबद्दल मी तुला कधी एका शब्दाने बोललो नाही, आणि बोलणारही नाही. पण या वेळी माझ्या वतीने कोणाची दया मागू नकोस. पडलो, तर मी पडेन.

लोभाबद्दल आज काही लिहीत नाही.
तुझा धाकटा

दि. ५ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, पहिल्यासारखेच.

तुझ्या पत्राला टाचणी या लाडाच्या नावाने हाक मारून उत्तर द्यायची हिंमत झाली नाही.

दोन दिवस माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. काल एका बाईंना उलट्या दिशेचं तिकीट दिलं. त्या म्हणाल्या, की बाई, मला घरून निघून घरीच जायचं नाहीये. जेवणही गेलं नाही. तेव्हा पालक कोणाला म्हणतात, यावर तुमच्या काटकोन बाईंचं म्हणणं मला पटलं, एवढं त्यांना सांग.

मी ते पत्र लिहायला नको होतं. एकदाच लिहिते, पुन्हा विचारू नकोस. तुझं नाव काढलं तेव्हा मला वाटलं होतं, वर्षभराची गोष्ट आहे. वर्षाची दहा झाली. तो एक गुण पाहिला आणि माझा तोल गेला. दहा वर्षांचं देणं एका गुणात फिटेल असं मी धरून चालले. कारण मात्र धड देता येत नाही.

पण दादागिरी शिकलास हं! मुख्याध्यापकांचा चहा अर्धा टाकून उठलास. हे मी आमच्या ड्रायव्हरला सांगितलं, तर तो म्हणाला, की हा तुमचाच भाऊ.

हे तुझ्या हाती शनिवारनंतरच पडेल. पडला असशील तर पडलास. माझ्या दारात यायला दाखला लागत नाही.

लोभ आहे आणि तो विनाअट आहे, असं समजावं.
तुझी ताई

दि. १० एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रिकाम्या वर्गात मी एकटा आणि बाई समोर उभ्या. आठ प्रश्न. पहिली दहा मिनिटे मला आकडे मुंग्यांसारखे हलताना दिसत होते. मग मी पट्टी सरळ ठेवली, दोन्ही पेन्सिली तिच्या शेजारी लावल्या आणि कागदाच्या माथ्यावर धरलेले सगळे कारणांसकट लिहून काढले. पान भरले, तेव्हा आकडे जागच्या जागी उभे होते.

आज निकाल दिला. अठ्ठ्याहत्तर. बाईंनी पेपरावर एकच शेरा लिहिला आहे: वर्गात बसावे. आता वार्षिक परीक्षा तेवढी राहिली, आणि तिला मी आठवीच्याच बाकावरून बसणार आहे. दोन वेण्यावालीने बाकाचा तो जुना स्क्रू पुन्हा ढिला झाल्याचे दाखवले. या वेळी मी सांगितले, की मधल्या सुट्टीत बघू, आता तास चालू आहे.

पण एक गोष्ट आहे. सहाव्या प्रश्नात माझे दोन गुण कापले आहेत. आयताची लांबी रुंदीच्या दुप्पट, परिमिती दिलेली, बाजू काढा. मुलांनी म्हणे नेहमी रुंदी क्ष धरायची असते, म्हणजे लांबी दोन क्ष होते आणि झटपट सुटते. मी लांबी क्ष धरली, कारण फळीची आम्ही आधी लांबी पाहतो. मग रुंदी क्ष भागिले दोन झाली, अपूर्णांक आला, पाच पायऱ्यांऐवजी नऊ झाल्या. उत्तर बरोबर. प्रत्येक पायरी वेगळ्या ओळीत. प्रत्येक धरलेल्याला कारण. बाईंचा शेरा आहे, की रस्ता फार लांबचा.

मी अकराही कलमे पुन्हा वाचली. लांबच्या रस्त्याला बंदी कुठेही नाही.

हे दोन गुण मला कशालाही लागत नाहीत. मिस्त्री म्हणतात, की अठ्ठ्याहत्तर पदरात पडले आहेत, आता गप्प बस. वर्गातली मुलेही तेच म्हणतात. पण मी एक पान लिहून काढले आहे आणि उद्या मधल्या सुट्टीत बाईंना भेटायची वेळ मागितली आहे. त्यांनी विचारले, की अजून काय राहिले. मी म्हणालो, की दोन गुण. त्या म्हणाल्या, की खुर्ची मागवून ठेवते, बोलणे लांबणार असे दिसते.

तू मध्ये पडू नकोस. जिंकलो किंवा हरलो, तरी सगळे पायरी पायरीने कळवीन.

लोभ भरून पावला. माझ्याकडचाही मोजून घ्यावा, घास न धरता.
तुझा धाकटा,
टाचणी